पाण्यात गेलेले अल्बम आणि घरचा फोटो प्रिंटर

२२ जुलै २०२१ ला वाशिष्ठीचं पाणी आमच्या चिपळूणच्या घरात शिरलं, तेव्हा हाताला लागेल ते आम्ही माळ्यावर चढवलं. सिलिंडर चढवला, तांदळाचे डबे चढवले, घराची कागदपत्रं चढवली. अल्बम राहिले. लोखंडी कपाटाच्या सगळ्यात खालच्या कप्प्यात सात अल्बम होते. पाणी उतरल्यावर ते कपाट उघडायलाच दोन माणसं लागली.

त्या सात अल्बममधले फोटो पुन्हा छापायचे, म्हणून मी घरी फोटो प्रिंटर घेतला. फोटो काढण्याचा किंवा छापण्याचा माझा व्यवसाय नाही, मी शाळेत शिकवायचे. पण पुरानंतर इतके फोटो छापले की आता ओळखीतलं कुणी ना कुणी विचारतंच, "ताई, फोटोसाठी कुठला प्रिंटर घेऊ?" फोनवर सांगताना निम्मं राहून जातं. म्हणून एकदा सगळं लिहून काढते.

आधी भिजलेल्या फोटोंबद्दल दोन शब्द, कारण ते मला त्या दिवशी कुणी सांगितलं असतं तर बरं झालं असतं. लॅबमध्ये धुतलेल्या जुन्या फोटोवर जिलेटिनचा थर असतो. तो भिजला की मऊ होतो आणि वाळताना शेजारच्या फोटोला नाहीतर अल्बमच्या प्लॅस्टिकला चिकटतो. चिकटून वाळला की संपलं. म्हणून गठ्ठा उन्हात ठेवायचा नाही. स्वच्छ थंड पाण्याच्या परातीत ठेवायचा, सुटेल तसा एकेक फोटो अलगद सोडवायचा आणि चेहरा वर करून सावलीत वाळवायचा. आम्ही पहिले दोन अल्बम घाईने अंगणात उन्हात ठेवले. त्यातला एकही फोटो हाती लागला नाही. उरलेल्या पाचांतले बरेच वाचले. काहींचा कोपरा गेला, काहींमधलं एखादं माणूस गेलं.

मग नातेवाईकांकडून प्रती यायला लागल्या. बडोद्याची मावशी, ठाण्याची मावसबहीण, पुण्याचा दादा, प्रत्येकाकडे काही ना काही होतं. इथे एक अडचण आली. व्हॉट्सॲपवर नेहमीसारखा पाठवलेला फोटो बारीक होऊन येतो. पोस्टकार्ड साइजचा, म्हणजे ४ बाय ६ इंचाचा फोटो नीट छापायचा तर साधारण १२०० बाय १८०० पिक्सेल लागतात. मग सगळ्यांना सांगितलं, फोटो म्हणून नको, डॉक्युमेंट म्हणून पाठवा. मावशीला हे समजवायला तीन फोन लागले, पण तिने शिकून घेतलं.

पहिले पन्नासेक फोटो मी बाहेरूनच छापून आणले. एका दुकानात दिले. त्यात आमच्या आत्याचा फोटो होता, पडवीत सूप घेऊन बसलेली. आत्या सावळी होती, छान तुकतुकीत सावळी. छापून आली ती गोरी. सगळेच चेहरे एकसारखे उजळलेले. दुकानदार म्हणाला, मशीन आपोआप करतं, आणि गिऱ्हाइकांना असंच आवडतं. मी तो फोटो परत दिला. आत्याला जाऊन सतरा वर्षं झाली. तिचा रंग आता तिच्या फोटोतच उरलाय, तो मशीनने ठरवू नये असं मला वाटलं. घरी छापायचं ते त्या दिवशी ठरलं.

दादाने त्याचा जुना प्रिंटर दिला. शाईच्या टाकीचा, स्कॅनरसकट, चार रंगांचा. कागदपत्रांना उत्तम. फोटोला नाही, आणि का नाही हे मला छापून बघितल्यावरच कळलं. चार रंगांच्या बऱ्याच प्रिंटरांत काळी शाई पिगमेंटची, म्हणजे न विरघळणाऱ्या बारीक कणांची असते. ती साध्या कागदावर छान बसते, पण ग्लॉसी कागदावर प्रिंटर ती वापरतच नाही. निळा, गुलाबी आणि पिवळा एकत्र करून काळा करतो. त्यामुळे केस आणि सावल्या काळ्या न येता चिखलाच्या रंगाच्या येतात. दुसरं म्हणजे गाल. गालाचा फिकट रंग करायला गडद गुलाबी शाईचे थेंब पांढऱ्या कागदावर विरळ टाकावे लागतात, आणि ते विरळ थेंब डोळ्यांना दिसतात. भिंगातून बघायची गरज नाही, नुसतं हातात धरलं तरी चेहऱ्यावर रवा भुरभुरल्यासारखं वाटतं.

सहा रंगांच्या बऱ्याच प्रिंटरांत फिकट निळी आणि फिकट गुलाबी अशा दोन शाया जास्त असतात. फिकट शाईचे थेंब दाट टाकता येतात, म्हणून गाल सलग दिसतो. फोटोसाठी प्रिंटर घेताना मी सगळ्यात आधी हेच बघायला सांगते. डब्यावर लिहिलेला डीपीआयचा, म्हणजे एका इंचात किती ठिपके त्याचा मोठा आकडा बघून काही कळत नाही.

तर जानेवारी २०२३ मध्ये मी एप्सनचा एल-८०५० घेतला. दुकानात पेनड्राइव्हवर आत्याचा तोच फोटो घेऊन गेले आणि त्यांनाच छापायला लावला. दुकानदार आधी कंपनीचा नमुना दाखवत होता, रंगीबेरंगी पोपट आणि फुगे. पोपटाचा खरा रंग आपल्याला कुठे ठाऊक असतो? आपल्या माणसाचा चेहरा मात्र आपण लगेच ओळखतो. तुम्ही कुठलाही प्रिंटर घ्या, एक ओळखीचा चेहरा बरोबर न्या.

आत्या सावळीच आली. मी तिथेच पैसे दिले, पंचवीस हजारांच्या आसपास.

यंत्राबद्दल थोडक्यात. ए-४ पर्यंत छापतो. स्कॅनर नाही, नुसता प्रिंटर आहे, त्यामुळे जुने फोटो स्कॅन करायला दादाचा जुना प्रिंटर मला अजून लागतो. स्क्रीन नाही, बटणं आणि दिवे आहेत. वायफाय आहे, मोबाइलवरून सरळ छापता येतं. शाई ७० मिलीच्या बाटल्यांत येते आणि बाटली टाकीवर उलटी लावली की आपोआप रिकामी होते, हात रंगत नाहीत. शाई पुष्कळ दिवस पुरते. महाग पडतो तो कागद. शेजारपाजारच्या मुलांचे पासपोर्ट फोटोही यावरच होतात, ३५ बाय ४५ मिलिमीटरचे आठ फोटो एका पोस्टकार्ड कागदावर बसतात.

आता दुसरी बाजू. हाच प्रिंटर प्रत्येकाने घ्यावा असं मी म्हणणार नाही. शाईचा फोटो प्रिंटर ही दुभती गाय आहे, रोज नाही तरी नेमाने हात लावावा लागतो. वर्षातून दोनदा, गणपती आणि दिवाळीचे पंचवीस-तीस फोटो छापणाऱ्या घरात तो बंद पडून वाळणार. माझी ठाण्याची मावसबहीण तशीच आहे, आणि तिने कॅननचा सेल्फी सीपी-१५०० घेतला ते अगदी बरोबर केलं.

त्यात शाईच नसते. रंगाची रिबन असते, उष्णतेने तो रंग कागदात उतरतो. कागद चार वेळा आतबाहेर करतो. पहिल्यांदा पिवळा, मग गुलाबी, मग निळा आणि शेवटी वरून एक पारदर्शक थर. तिच्या घरी आम्ही तो तासभर बघत बसलो होतो. पहिल्या फेरीत आईचा चेहरा हळदीत बुडवल्यासारखा पिवळा, दुसऱ्या फेरीत ओठ आणि कुंकू उमटतं, तिसऱ्या फेरीत एकदम केस, डोळे, पदराचा काठ. मिनिटभराच्या आत कोरडा फोटो हातात. सहा महिने कपाटात पडला तरी त्याचं काही बिघडत नाही, कारण चोंदायला नॉझलच, म्हणजे शाई फवारणारी बारीक छिद्रंच नाहीत. कागद आणि रिबन एकाच पाकिटात मोजून येतात, १०८ फोटोंचं पाकीट असेल तर १०८ च. बहिणीला एक फोटो वीस-बावीस रुपयांना पडतो. साइज मात्र पोस्टकार्डचीच, मोठा फोटो होत नाही. आणि वापरलेली रिबन उजेडाकडे धरली तर छापलेला प्रत्येक फोटो तिच्यावर उलट्या रंगात दिसतो. ती कचऱ्यात तशीच टाकू नका, कापून टाका.

बहिणीकडच्या दोन प्रती मी घरी आणल्या आणि एक प्रयोग केला. पूर बघितलेल्या माणसाला हा प्रश्न पडतोच. स्टीलच्या ताटात पाणी घेतलं आणि तीन फोटो बुडवले. तिन्हींवर तीच आई, तोच फोटो. पहिला माझ्या प्रिंटरवर, बाजारातल्या स्वस्त १८० जीएसएम (एका चौरस मीटर कागदाचं ग्रॅममधलं वजन) ग्लॉसी कागदावर. दुसरा त्याच प्रिंटरवर, २७० जीएसएमच्या आरसी कागदावर, ज्याच्या दोन्ही अंगांना प्लॅस्टिकचा थर असतो. तिसरा सेल्फीचा. पाच मिनिटांत पहिल्याच्या कडेने गुलाबी रंग पाण्यात धाग्यासारखा सुटायला लागला. अर्ध्या तासाने कागद पोळीसारखा मऊ झाला आणि उचलताना फाटला. दुसऱ्याच्या चारही कडांना पाणी शिरून बोटभर फिकट पट्टी आली, पण मधला चेहरा जागेवर होता. तिसऱ्यावरचं पाणी अळूच्या पानावरून ओघळावं तसं ओघळून गेलं. पदराने पुसला आणि अल्बममध्ये लावला.

त्या दिवसापासून मी स्वस्त कागद घरात आणला नाही. लोक प्रिंटरवर पंचवीस हजार घालतात आणि कागदावर पाच रुपये वाचवतात, हे मला अजिबात पटत नाही. ग्लॉसी म्हणून जो स्वस्त कागद मिळतो तो बहुतेक साधाच कागद, एका बाजूला चकचकीत लेप दिलेला. कोकणातल्या पावसात त्याची दोन दिवसांत सुरळी होते. वाकलेला कोपरा आत जाताना प्रिंटरच्या हेडला, म्हणजे शाई मारणाऱ्या भागाला घासतो, फोटोवर काळा ओरखडा येतो आणि हेडलाही ते बरं नाही. आरसी कागद घ्या, बऱ्याच पाकिटांवर तसं छापलेलं असतं. पाकीट फोडलं की कागद झिपलॉकच्या पिशवीत, सिलिका जेलच्या पुडीसकट. बुटांच्या खोक्यातल्या पुड्या मी गोळा करून ठेवते. जून ते सप्टेंबर लागतील तेवढेच कागद ट्रेमध्ये, काम झालं की परत पिशवीत.

छापताना सेटिंगमध्ये कागदाचा प्रकार निवडायला विसरू नका. साधा कागद असं राहिलं तर प्रिंटर शाईचा हिशोबच वेगळा करतो आणि फोटो मळकट येतो. माझ्याकडे "फोटो फिका येतो" म्हणून आलेल्या तक्रारींपैकी निम्म्या तेवढ्याने मिटल्या. उरलेल्यांत मोबाइलचा ब्राइटनेस असतो. स्क्रीन पूर्ण उजळ ठेवून फोटो ठीक केला की कागदावर तो काळपट येणारच, स्क्रीनला आतून दिवा आहे, कागदाला नाही.

बिनकडेचा, म्हणजे बॉर्डरलेस फोटो सगळ्यांना आवडतो. त्यात प्रिंटर फोटो किंचित मोठा करून कागदाच्या बाहेरपर्यंत शाई मारतो. त्यामुळे कडेचं माणूस थोडं कापलं जातं आणि बाहेर पडलेली शाई आतल्या स्पंजात जाते. मोबाइलचा फोटो ४ बाय ३ च्या मापाचा असतो, तो पोस्टकार्डवर बसवताना वरून-खालून आणखी कापला जातो. ग्रुप फोटोत मागच्या ओळीतल्या उंच माणसांची डोकी अशीच जातात. मी आता सगळे फोटो पांढरी कड ठेवून छापते. जुन्या फोटोंना तशी कड असायचीच.

त्या स्पंजाची गोष्ट सांगते. हेड साफ करताना वाया जाणारी शाई प्रिंटरच्या तळाशी एका स्पंजात मुरते आणि यंत्र त्याचा हिशोब ठेवतं. हिशोब भरला की दिवे लुकलुकतात आणि प्रिंटर थांबतो. दादाच्या जुन्या प्रिंटरचं तसं झालं. दुरुस्तीवाल्याने कॉम्प्युटर जोडून हिशोब शून्यावर आणला, पाचशे रुपये घेतले. स्पंज बदलला नाही, आणि मला तेव्हा विचारायचं सुचलं नाही. महिन्याभराने टेबलावरच्या पांढऱ्या आच्छादनावर प्रिंटरखालून काळी-निळी शाई पसरलेली. आईने क्रोशाने विणलेलं ते आच्छादन पुरातून वाचलं होतं. दिवे लुकलुकले तर हिशोब पुसायच्या आधी स्पंज बदलून घ्या, समोर उभं राहून. ज्या प्रिंटरांत हा स्पंजाचा डबा घरच्या घरी बदलता येतो ते त्या बाबतीत सोयीचे. कॅननच्या जी-५७० मध्ये तो आहे, हेडही घरी बदलता येतात आणि शायांमध्ये एक करडी आहे. कृष्णधवल फोटो जास्त असतील तर त्याचा विचार जरूर करा. करडी शाई नसेल तर प्रिंटर रंग मिसळून राखाडी करतो, आणि मग आजोबांच्या पांढऱ्या धोतरावर कधी गुलाबी, कधी हिरवट छटा येते.

निगा राखायची म्हणजे माझं एवढंच आहे. दर रविवारी सकाळी चहा झाला की नॉझल चेकचा कागद काढायचा. सहा रंगांच्या रेघा सलग आहेत ना, ते खिडकीत धरून बघायचं. फिकट पिवळी रेघ ट्यूबलाइटखाली दिसत नाही, दिवसाउजेडीच बघावी. मग एक फोटो छापायचा. माझा ठरलेला फोटो पुतण्याच्या लग्नातला आहे. हिरवा शालू, हळदीचा चेहरा, पांढरं उपरणं, काळे केस, मागे झेंडूचं तोरण. सहाही रंग कामाला लागतात आणि कुठला रंग रुसलाय ते लगेच कळतं. दहा मिनिटांचं काम.

२०२४ च्या मे महिन्यापासून ते दहा मिनिटांचं काम सहा आठवडे झालं नाही. लेकीकडे बंगळुरूला गेले होते. निघायच्या गडबडीत यजमानांनी घराचा मेन स्विच पाडला, आणि प्रिंटर चालूच होता. त्याच्या स्वतःच्या बटणाने बंद केला की हेड एका बाजूला जाऊन रबरी टोपीत बसतं, तिथे शाई वाळत नाही. थेट वीज तोडली तर ते जिथे असेल तिथेच उघडं राहू शकतं. परत आलो तर फिकट गुलाबीच्या निम्म्या रेघा गायब. पोटात गोळा आला, कारण या प्रिंटरचं हेड आतच बसवलेलं असतं, शाईच्या बाटलीसारखं जाऊन आणता येत नाही. एकदा हेड क्लीनिंग केलं, थोडा फरक. दुसऱ्यांदा, तिसऱ्यांदा केलं, तेवढाच. चौथ्यांदा बटण दाबायला हात शिवशिवत होता, पण मॅन्युअलमध्ये थांबायला सांगितलेलं होतं. बंद करून रात्रभर ठेवला. रात्रभरात वाळलेली शाई मऊ होते. सकाळी पुन्हा एकदा क्लीनिंग, आणि सहाही रेघा आल्या. जे लोक लागोपाठ सात-आठ वेळा क्लीनिंग करतात त्यांची टाकी रिकामी होते, स्पंज भरतो आणि नॉझल तसाच राहतो. आता आमच्या दारामागे चिठ्ठी चिकटवलेली आहे, आधी प्रिंटरचं बटण, मग मेन स्विच. गावाला गेलो की शेजारची श्रावणी रविवारी येऊन फोटो छापून जाते. तिला बाराव्या वर्षी नॉझल चेक वाचता येतं.

बिनब्रँडची शाई घेऊ नका. जुन्या प्रिंटरमध्ये मी ती भरली होती, तिसऱ्या हिश्शाच्या किमतीत. आप्पांचा फोटो त्यावर छापून काचेशिवाय भिंतीवर लावला. आठ-नऊ महिन्यांत निळा रंग उडाला आणि आप्पा तांबूस दिसायला लागले. हवा लागूनही शाई उडते, नुसत्या उन्हाने नाही. भिंतीवर लावायचा फोटो काचेमागे, काच आणि फोटो यांच्यात पुठ्ठ्याची चौकट, म्हणजे दमट हवेत चिकटत नाही. खिडकीसमोर नको. अल्बममध्ये घालायचा फोटो छापल्यावर एक दिवस मोकळा ठेवावा, निदान पावसाळ्यात तरी. चिकट पानांचे अल्बम मी आता वापरतच नाही, खिशांचे वापरते.

आणि प्रिंटर झाकून ठेवा. मागचा कागदाचा ट्रे उघडा राहिला की त्यात धूळ आणि मुंग्या जातात. माझ्या प्रिंटरवर जुन्या सुती साडीचा दुहेरी तुकडा असतो.

सातांपैकी चार अल्बम पुन्हा भरले आहेत. गेल्या महिन्यात बडोद्याहून मावशीने एक फोटो पाठवला, डॉक्युमेंट म्हणून, कुणाला न विचारता. आई सोळा-सतरा वर्षांची, गुहागरच्या समुद्रावर, परकर घोट्यापर्यंत भिजलेला, हसताना डोळे मिटलेले. आमच्या अल्बममधल्या त्या फोटोत पुरानंतर फक्त समुद्र उरला होता. मी तीन प्रती काढल्या, आरसी कागदावर. एक पुण्याला दादाकडे गेली, एक बंगळुरूला लेकीकडे. तिसरी अल्बममध्ये लावली, आणि अल्बम आता माळ्यावर असतात.